बरण्यांतले दात

माणसाची पारख त्याच्या घरच्या पाण्यावरून करणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि तो माझ्या नणंदेचा नवरा आहे. शिक्षण, स्वभाव, शेतीवाडी, देवधर्म हे सगळं त्यांच्या लेखी नंतर. आधी पाणी. बोअरचं की नळाचं, किती जड, गीझरच्या कॉइलवर किती महिन्यांत थर धरतो, एवढं कळलं की त्यांना तुमच्याबद्दल पुरेसं कळलेलं असतं. माझ्या नवऱ्याचं ऐकून मीही त्यांना भाऊजी म्हणते. ते रोह्याला राहतात, मी पेणला दातांचा दवाखाना चालवते. मला बघायला जी मंडळी आली होती त्यांत भाऊजीही होते. सगळ्यांनी कॉलेज, स्वयंपाक, नोकरी असं विचारून घेतलं. भाऊजींनी एकच विचारलं, "तुमच्याकडं पातेल्याच्या तळाला पांढरं धरतं काय?" मी म्हटलं, "धरतं." त्यांनी चहाचा कप उचलला. आई दोन दिवस माझ्यावर चिडलेली होती, की पाहुण्यांसमोर घरातल्या पातेल्यांची अब्रू काढलीस. पुढे लग्नानंतर कळलं, की परतीच्या वाटेवर त्यांनी "मुलगी खरं बोलते, करून टाका" असा निकाल दिला होता.

त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेनासारखं दिसणारं एक यंत्र लावलेलं असतं. ते पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार आहेत त्याचा आकडा दिसतो. लग्नाच्या पंगतीत त्यांनी ते मठ्ठ्यात बुडवलेलं आहे. सत्यनारायणाच्या तीर्थात बुडवून भटजींना "पाणी बदला, मूर्तीवर डाग पडतील" असं सांगितलेलं आहे. कुणाच्या घरी गेले की तासाभरात ते न्हाणीघरात सापडतात. एकदा आमच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ वारले, त्यांच्या घरी आम्ही भेटायला गेलो होतो. बायका आत, पुरुष बाहेर, सगळे माना खाली घालून बसलेले. भाऊजी हात धुवायला म्हणून गेले ते अर्ध्या तासाने बाह्या दुमडून, हातात शॉवरची चाळण घेऊन बाहेर आले. "निम्मी भोकं बुजली होती. मोकळी केली," असं त्यांनी भर बैठकीत जाहीर केलं. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण त्या घरचा मुलगा, जो तीन दिवस कोरड्या डोळ्यांनी फिरत होता, तो म्हणाला, "बाबा वर्षभर सांगत होते, पाणी कमी येतं म्हणून," आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला लागला. भाऊजी चाळण हातात धरून त्याच्या शेजारी उभे राहिले. मग त्यांनी त्याला चाळण दाखवली.

भाऊजी आणि माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, दोघंही धरमतरच्या खाडीकाठची. दोघांच्याही घरी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात काम. भाऊजी शिकले, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि रोह्याच्या एका कारखान्यात कूलिंग टॉवरवर लागले. कारखान्यातली यंत्रं थंड ठेवायला तेच तेच पाणी फिरवावं लागतं. फिरता फिरता ते आटतं, जड होतं आणि पाइपांच्या आत दगडासारखा थर धरतं. तो धरू नये म्हणून पाण्यात एक पॉलिमर टाकतात. कारखान्यात तयार केलेली ही रेणूंची लांब साखळी पाण्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते, खडा होऊ देत नाही. भाऊजींनी तीस वर्षं हेच केलं. "बाप मीठ धरवायचा, मी धरू देत नाय. घराण्याचं नाव बुडवलं मी," असं ते फार अभिमानाने सांगत. निवृत्त होताना त्यांनी कंपनीकडून काय मागितलं असेल, तर टॉवरच्या जुन्या पाइपाचा एक आडवा कापलेला तुकडा. तो आतून आरशासारखा स्वच्छ आहे. लोकांच्या शोकेसमध्ये नातवंडांचे फोटो असतात, यांच्याकडे तो पाइप आहे.

आता वन्संबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या तोंडामुळे घडलं. वन्संना मशेरीची सवय होती. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड सकाळी दातांना लावून बसायचं. आमच्या भागात हजारो बायकांचा दिवस असाच सुरू होतो. मी लग्न होऊन आले त्या महिन्यापासून त्यांच्या मागे लागले होते. त्या म्हणायच्या, "डॉक्टरीण, तुझा ब्रश तुला, माझी मशेरी मना. तुझे पेशंट पळाले काय, म्हनून मना धरतेस?" पण खरी अडचण वन्सं नव्हत्या. खरी अडचण भाऊजी होते. भाजताना धुराने वन्संना खोकला येतो म्हणून मशेरी भाऊजी भाजायचे. दर रविवारी, बिडाच्या तव्यावर, मंद आचेवर, एकही पान करपू न देता. मग फडक्यातून गाळून डबीत. मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊजी, तुम्ही शिकलेले. निदान तुम्ही तरी हे करू नका." ते म्हणाले, "वहिनी, ती घेणारच. मग निदान एकसारखी भाजलेली घेईल." त्या क्षणी मला ते उत्तर विनोदी वाटलं होतं.

गालाच्या आतला तो पांढरा चट्टा मीच पाहिला. मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल, ऑपरेशन आणि रेडिएशन. गावात त्याला शेक म्हणतात. शेक हा शब्द कुणी काढला कोण जाणे, ऐकायला फार सौम्य आहे. कॅन्सर गेला. डॉक्टरांनी पेढे मागितले आणि भाऊजींनी नेले. तवा मात्र घरातून नाहीसा झाला. वन्संनी मला हळूच सांगितलं, "टाकला गो त्यांनी. इचारलं तर म्हनं, तडा गेलेला. बिडाचा तवा, माझ्या सासूचा. तडा कसला जातोय?" मशेरीबद्दल त्यानंतर त्या घरात कुणी एक शब्द काढला नाही. भाऊजींनी तर नाहीच.

शेक दिल्यानंतर वन्संच्या तोंडातली लाळ संपली. लाळ म्हणजे नुसती ओल नव्हे. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं आणि आपण दिवसभर जे खातो त्याने दात जेवढा झिजतो, तेवढा ती रोज भरून काढते. ती संपली की दात हिरडीपाशी मऊ पडतात आणि एकेक करून मुळाशी मोडतात. काढून टाकावेत तर तेही करता येत नाही, कारण शेक दिलेल्या जबड्यात जखम भरत नाही, हाड सडू शकतं. म्हणजे मोडणारा दात मोडू द्यायचा आणि त्याच्या खुंटावर मलमपट्टी करत राहायची. वन्संना प्रत्येक वाक्यानंतर बाटलीतलं पाणी प्यावं लागे. जेवणात पेज, आमटीत कुस्करलेला भात, दुधात भिजवलेली भाकरी. त्यांना भाजलेला सुका बोंबील फार आवडायचा. "एकडाव दातानं तोडून खाल्ला पायजेल," असं त्या म्हणत. बस्स, एवढंच मागणं होतं. भाऊजींनी ते कंपनीने एखादं काम द्यावं तसं घेतलं.

दर तीन आठवड्यांनी दोघं पेणला माझ्याकडे येत. मी वन्संचे दात शक्य तितके वाचवत असे, म्हणजे फ्लोराइड लावायचं, हिरडीपाशी सिमेंट भरायचं. भाऊजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं बघत. एक दिवस मी सिमेंट कालवत असताना त्यांनी द्रवाची बाटली उचलली, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली आणि उठूनच उभे राहिले.

"वहिनी, हे तर आमचं!"

"काय तुमचं?"

"हे ॲक्रिलिक ॲसिडचं पॉलिमर. आम्ही टॉवरमध्ये टाकतो ते हेच. त्याचेच भाऊबंद. ड्रमाने यायचं आमच्याकडं. तुम्ही थेंब थेंब वापरता!"

वन्सं तोंड उघडं ठेवून म्हणाल्या, "म्हंजे माझ्या तोंडात कंपनीचा माल घातलास काय गो?" मला हसू आलं. भाऊजींना मात्र नाही. ते स्टुलावर परत बसले आणि पुढचा अर्धा तास ती बाटली उजेडात फिरवून बघत राहिले. जाताना दारात म्हणाले, "लाळ म्हणजे टॉवरचं पाणी. दात म्हणजे स्केल, पाइपात धरतो तो थर. आयुष्यभर मी नको तिथला थर काढला. आता हवाय तर धरत नाही."

त्यानंतर त्यांनी वाचायला सुरुवात केली. त्यांना जे कळलं ते मी माझ्या भाषेत सांगते. चिरोट्यांच्या पाकात आपण लिंबू पिळतो, साखरेचा पुन्हा दाणा होऊ नये म्हणून. पॉलिमरचं काम तसंच आहे. पण लिंबू अगदी बेताचं असलं तर पाक ना पातळ राहतो ना दाणेदार होतो, मधल्याच एका अवस्थेत थांबतो आणि चिरोट्याच्या पापुद्र्यांत मुरतो. किडलेल्या दातात खनिज निघून जातं, पण आतली बारीक जाळी बऱ्याचदा शिल्लक असते. खनिजाला त्या मधल्या अवस्थेत पुरेसा वेळ थोपवून धरलं, तर ते जाळीत मुरू शकतं आणि आत गेल्यावर जाळीच्या धाग्यांना धरून ओळीत घट्ट होतं. आपल्या शरीरात हे काम काही प्रथिनं करतात. त्यांच्याऐवजी बनवलेलं पॉलिमर वापरून ते करता येईल का, यावर जगात पुष्कळ ठिकाणी काम चालू आहे. मोठमोठ्या प्रयोगशाळांत. आणि रोह्यात, आमच्या वन्संच्या गॅलरीत.

त्यांना दात हवे होते. काढलेले दात दवाखान्याने पिवळ्या पिशवीत टाकून द्यायचे असतात. मी नियमाची बाई आहे. मी पेशंटची लेखी परवानगी घ्यायला सुरुवात केली, दात निर्जंतुक करून देऊ लागले. वडखळच्या एका वडापाववाल्याने अक्कलदाढ दिली आणि मग येता-जाता विचारायला लागला, "डॉक्टर, माझा दात काय म्हणतोय? पास झाला का?" भाऊजी दर शनिवारी पेणला येऊन दात स्टीलच्या डब्यात घालून रोह्याच्या गाडीने घेऊन जात. एकदा निडी स्टेशनात शेजारी एक बाई टोपली घेऊन बसली. डबा सारखा हातात धरलेला बघून तिने विचारलं, "खायाचं हाय काय?" भाऊजी खोटं बोलत नाहीत. "नाय, दात हायत." "कोनाचे?" "पेणचे." ती बाई टोपलीसकट उठून पलीकडच्या बाकावर गेली. भाऊजींना त्यात काही विशेष वाटलं नाही. उलट बसायला ऐसपैस जागा झाली म्हणाले.

गॅलरीत त्यांनी काचेच्या बरण्या मांडल्या. माशांच्या टाकीतला हीटर लावून पाणी अंगाच्या उबेइतकं ठेवलं. प्रत्येक बरणीत दोऱ्याला टांगलेला एक दात. दाराशी पाटी, "हात लावू नये." वन्संनी मला फोन करून सांगितलं, "रिटायर झाले की लोकं काशीला जातात. ह्यांनी माझ्या तुळशीच्या जागेवर लोकांच्या दाढा टांगल्यात. कुणी बघितलं तर म्हनंल, ह्या घरात मानसं खातात." पण सकाळी हीटर चालू आहे की नाही ते त्याच बघायच्या.

असे महिने गेले. मी जाईन तेव्हा भाऊजी मला बरण्यांपुढे नेत. "बघा वहिनी, एक कण नाही." खरंच, पाणी इतकं स्वच्छ असे की बरणी रिकामी वाटावी. पाणी जरा जरी धुरकट झालं की ते ओतून देत, पॉलिमर थोडं वाढवत आणि नव्याने मांडत. वहीत रोजची नोंद असे: स्वच्छ, स्वच्छ, किंचित धुरकट, डोस वाढवला, स्वच्छ. मीही वाखाणत होते. माझी चूक अशी, की एवढी नीटनेटकी वही पाहून मी पुढचा विचारच केला नाही. दरम्यान वन्संच्या खालच्या दोन दाढा मोडल्या.

एका दुपारी आम्ही तिघं गॅलरीत बसलो होतो. भाऊजी बरणी उजेडात धरून दाखवत होते. वन्सं घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पानी छान राखलंत. दाताचं काय?"

भाऊजींनी वळून पाहिलं.

"न्हाय, मी इचारते. इतके महिने पान्याचंच ऐकतेय. दात धरला काय?" पुन्हा घोट. "आमचा बा म्हनायचा, मिठाच्या वाफ्यात पानी घेतलं की हात लावायचा नाय. आधी धरू द्यायचं. तुमी धरायच्या आधीच त्याला हाकलताय. टॉवर हाय काय हा?"

भाऊजींनी बरणी खाली ठेवली. त्यांनी वही उघडली, पानं उलटली, मिटली. प्रत्येक पानावर पाण्याची नोंद होती. दाताची एकही नव्हती. तीस वर्षं ज्या हाताने खडा धरू दिला नाही, त्याच हाताने ते औषध मोजत होते, आणि त्या हाताला स्वच्छ पाणी म्हणजेच यश एवढंच ठाऊक होतं. त्या बरण्यांत दात नुसते टांगलेले होते आणि त्यांच्याभोवती टॉवर उत्तम चालला होता.

त्यांनी सगळं ओतून दिलं. या वेळी पॉलिमर आधी दातालाच लावलं, जास्तीचं धुऊन टाकलं, पाण्यात अगदी नावाला ठेवलं. पाणी जरा गढुळलं तर ओतायचा मोह होऊ नये म्हणून हीटरची जबाबदारीही वन्संकडे दिली आणि स्वतः दिवसातून एकदाच गॅलरीत जायचं ठरवलं. वन्संच्या म्हणण्याप्रमाणे ते त्या दिवसांत घरभर नुसते येरझाऱ्या घालत होते. तीन आठवड्यांनी वडापाववाल्याची अक्कलदाढ त्यांनी ओळखीच्या एका कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतली. मला फोटो पाठवला. किडलेल्या भागात सुयांसारखे बारीक कण होते आणि ते सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे होते. खाली लिहिलं होतं, "धरलं." मी तो फोटो वडापाववाल्याला दाखवला. तो म्हणाला, "बघा, म्हटलं होतं ना, चांगल्या घरचा दात आहे."

पुढच्याच शनिवारी भाऊजी दवाखान्यात आले. एकटे आले, आणि डब्याऐवजी त्यांच्या हातात दोन लहान बाटल्या होत्या. त्या त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या.

"एक आधी लावायची, एक नंतर. हिच्या खालच्या सुळ्याला. तो अजून उभा आहे."

"नाही, भाऊजी."

"ऐकून तर घ्या."

"ऐकलंय सगळं. हे गॅलरीत केलेलं औषध आहे. यात अजून काय काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. वन्सं ते गिळणार. शेक दिलेलं तोंड आहे, साधा ओरखडा भरत नाही. आणि बरणीत तीन आठवडे कुणी जेवत नव्हतं."

"तुमच्या बाटलीतलं चालतं. माझ्या बाटलीतलं नाही?"

"माझ्या बाटलीतलं तपासून आलंय. वर्षानुवर्षं, हजारो लोकांवर. तुमचं एका वडापाववाल्याच्या दाढेवर झालंय, तीही काढलेल्या."

"तोवर तिच्या तोंडात काही राहणार आहे का?"

"नाही राहणार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला खोटं बोलून दिलासा देता येत नाही, आणि पातेल्यांवरून मला पारखलं तेव्हापासूनच त्यांना ते माहीत होतं.

त्यांनी बाटल्या उचलल्या. दारापाशी थांबून, माझ्याकडे पाठ ठेवून म्हणाले, "तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं. करू नका म्हणून. मी ऐकलं नाही." कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. "आता ऐकतो," म्हणाले आणि स्टेशनकडे गेले. वेटिंगमध्ये तीन पेशंट होते. मी पुढच्याला आत बोलावलं. मी बरोबर होते. आज कुणी विचारलं तरी मी नाहीच म्हणेन. पण त्या दिवशी मी एका माणसाची दाढ भरताना भूल द्यायला विसरले, आणि त्याने ओरडून आठवण करून दिली.

महिनाभराने तो सुळा मोडला. दुधात भिजवलेली भाकरी खाताना. वन्संनी तो ताटातून उचलला, धुतला आणि स्वतःच गॅलरीत नेऊन भाऊजींच्या हातात दिला. "ह्यो घ्या. परक्यांचे बास झाले." मला हे नंतर कळलं. भाऊजींनी तो बरणीत टांगला आणि मला फोन केला नाही. मीही केला नाही. बाटल्यांच्या दिवसापासून आमच्यात थोडं अंतर पडलं होतं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

थंडी सरता सरता एका रविवारी त्यांनी बोलावलं. मी गेले. वन्सं गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या, उन्हात पाय सोडून. भाऊजींनी चिमट्याने सुळा बाहेर काढला, सलाइनने धुतला, कापसावर टिपला आणि वाटीत घालून माझ्यासमोर धरला. "तपासा," एवढंच म्हणाले.

मी पर्समधून प्रोब काढला. दाताच्या डॉक्टरचं हे सगळ्यात साधं हत्यार, सुईसारखं टोक असलेलं. ते दातावरून ओढायचं. मऊ जागी टोक अडकतं, घट्ट जागी घसरतं. मोडला त्या दिवशी हा दात मानेपाशी भिजलेल्या खडूसारखा असणार, वन्संचे सगळेच तसे होते. मी एका बाजूने टोक ओढलं. घसरलं. दुसऱ्या बाजूने ओढलं. मला खरं वाटेना, म्हणून उजेडात नेऊन तिसऱ्यांदा, जरा जोर लावून ओढलं. पाटीवर पेन्सिल घासावी तसा बारीक आवाज आला.

"धरलंय," मी म्हटलं.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते वन्संकडे बघत होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाने विचारू नये असं त्यांनी विचारलं, "मग बसवता येईल?"

"नाही, भाऊजी. मुळाशी मोडलाय. खाली बसवायला काही राहिलेलं नाही."

"व्हय. ते हायच," ते म्हणाले.

वन्संनी हात पुढे केला. भाऊजींनी दात त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला, नखाने टोकरून पाहिला, उन्हात धरला.

"माझाच हाय ना? का त्या वडेवाल्याचा?"

"तुझाच गो."

"मंग ब्येस केलात," असं म्हणून त्यांनी पाण्याचा घोट घेतला, बोटाने खालचा ओठ खाली ओढला आणि मला काही कळायच्या आत तो दात दोन खुंटांमधल्या त्याच्या जागी नेऊन बसवला.

"वन्सं, तोंडात नको—"

त्यांनी मला हातानेच गप्प केलं. बोलल्या असत्या तर दात पडला असता. त्यांनी मान हळूच वर केली, ओठ बाजूला घेतले आणि भाऊजींकडे बघून हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना ओठ न झाकता हसताना पाहिलं नव्हतं. भाऊजी चष्मा पुसायला काढून बसले होते. त्यांनी तो अर्धवट पुसलेलाच घाईघाईने डोळ्यांवर चढवला आणि पुढे झुकले. खाली रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. आम्ही तिघंही हललो नाही, कारण दात नुसता टेकलेला होता. तो लगेच काढायला सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही.